विणकराची नात मेरी वुलस्टनक्राफ्ट आणि आपल्या लेकीबाळी

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तथागत बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, परमपूज्य बाबासाहेब, सावित्रीमाई, माता रमाई यांच्यावर लेख येतात आणि ते आलेच पाहिजेत. यंदा मात्र मी सातासमुद्रापलीकडच्या एका बाईची ओळख करून देणार आहे. तिचे नाव मेरी वुलस्टनक्राफ्ट. १७९२ साली इंग्लंडात तिने ‘स्त्रीच्या हक्कांचे समर्थन’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. तिचे नाव उच्चारायला अवघड आहे, पण तिचे म्हणणे अगदी सोपे आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे एवढ्या थोर माता असताना या गोऱ्या बाईचे आपल्याला काय काम? काम आहे. जोतीरावांनी १८४७ साली थॉमस पेन या लेखकाचे ‘मानवाचे हक्क’ हे पुस्तक वाचले आणि त्यांच्या विचाराला धार आली, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. तो पेन आणि ही मेरी एकाच काळातली, एकाच गोतावळ्यातली माणसे. लंडनच्या जोसेफ जॉन्सन नावाच्या प्रकाशकाच्या घरी दोघे एका टेबलावर जेवलेली आहेत. पेनने माणसाचे हक्क सांगितले. त्या ‘माणसा’त बाई धरली आहे की नाही, हा प्रश्न मेरीने विचारला.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. या बाईच्या विचाराला उत्तर देता येईना, तेव्हा लोकांनी तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला आणि जवळजवळ शंभर वर्षे तिचे पुस्तक झाकून टाकले. ही युक्ती फार जुनी आहे आणि ती फक्त इंग्लंडातच चालते असे नाही. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

विणकरांच्या वस्तीत जन्म

मेरीचा जन्म २७ एप्रिल १७५९ रोजी लंडनच्या स्पिटलफिल्ड्स भागात झाला. हा भाग रेशीम विणणाऱ्यांचा. तिचे आजोबा त्याच धंद्यातले, हाताखाली कारागीर ठेवून काम करून घेणारे विणकर. त्यांनी बऱ्यापैकी पैसा जमवला होता. आम्ही गिरणीतली माणसे. कापडावर वाढलेल्या घरातली ही नात, म्हणून तिच्याविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

तिच्या बापाला मात्र धंदा नको होता. जमीनदारासारखे राहावे ही त्याची हौस. शेती घेतली, ती बुडाली. दुसऱ्या गावी घेतली, तीही बुडाली. बिऱ्हाड सारखे या गावाहून त्या गावाला. त्यात दारू वाढली. दारू पिऊन तो बायकोला मारायचा. मेरी तेव्हा लहान पोरगी, पण बापाने आईच्या अंगावर जाऊ नये म्हणून ती रात्री आईच्या खोलीच्या दाराशी पडून राहायची. हे वाचताना आपल्यापैकी कोणाला परके वाटणार नाही. असली दारे आणि दाराशी झोपणाऱ्या असल्या पोरी चाळीत, झोपडपट्टीत आपण पाहिलेल्या आहेत.

सात भावंडांत मेरी दुसरी. आजोबांच्या इस्टेटीतला वाटा थोरल्या भावाला मिळाला आणि वकिलीचे शिक्षणही त्यालाच. मेरीच्या वाट्याला आली ती गावातल्या शाळेची काही वर्षे. बाकी सगळे तिने इकडून तिकडून पुस्तके मिळवून स्वतः वाचले. पुढे तिने फ्रेंच आणि जर्मन पुस्तकांची भाषांतरे करून पोट भरले, यावरून तिची जिद्द ध्यानात यावी.

बाईने पोट भरायचे कसे?

त्या काळी इंग्लंडात बरे घर असलेल्या पण पैसा नसलेल्या मुलीला तीनच वाटा होत्या. श्रीमंत म्हातारीची सोबतीण व्हायचे, छोटी शाळा काढायची किंवा बड्या घरातल्या मुलांना शिकवायला जायचे. मेरीने तिन्ही कामे केली. एकोणिसाव्या वर्षी ती बाथ शहरात एका विधवेकडे सोबतीण म्हणून राहिली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत येऊन तिची सेवा केली. १७८२ साली आई वारली.

मग बहिणीचे प्रकरण आले. तिची बहीण एलायझा बाळंतपणानंतर मनाने पार खचली होती आणि नवऱ्याच्या घरी तिला राहणे अशक्य झाले होते. १७८४ च्या सुरुवातीला मेरीने तिला गुपचूप त्या घरातून बाहेर काढले. पण तान्ही मुलगी मागेच ठेवावी लागली, कारण कायद्याने मूल बापाचे. ते लेकरू वर्षाचे व्हायच्या आत गेले. त्या वेळचा इंग्रजी कायदा असा होता की लग्न झाले की बाईची मालमत्ता नवऱ्याची, तिची कमाई नवऱ्याची, पोर नवऱ्याचे. बाईला स्वतःचे असे कायद्यात अस्तित्वच नव्हते. मनुस्मृती फक्त आपल्याकडेच होती असे समजू नका. नाव वेगळे असेल, पण तिथेही बाईच्या गळ्यात तोच दोर होता.

त्याच वर्षी मेरीने बहिणी आणि फॅनी ब्लड ही जिवलग मैत्रीण यांच्याबरोबर लंडनजवळ न्यूइंग्टन ग्रीन येथे शाळा काढली. तिथे रिचर्ड प्राइस नावाचे सुधारकी धर्मोपदेशक होते. राजाने आणि धर्मपीठाने सांगितले म्हणून मान डोलावू नये, विचार करावा, अशी त्यांची शिकवण. मेरीवर तिचा मोठा परिणाम झाला. पुढे फॅनी लग्न होऊन पोर्तुगालला गेली आणि बाळंतपणात वारली. मेरी तिच्यासाठी समुद्र ओलांडून गेली होती. मागे शाळा मोडकळीला आली आणि बंद पडली. मग आयर्लंडमधल्या एका उमराव घरात मुलींना शिकवण्याची नोकरी. तिथे तिने बड्या बायकांचे जगणे जवळून पाहिले. दिवस नटण्यात आणि कुत्र्यांचे लाड करण्यात जायचा, पोटच्या पोरींकडे मात्र लक्ष नाही. १७८७ साली ती लंडनला परतली आणि तिने ठरवले की आता लेखणीवर जगायचे. बाईने असे ठरवणे त्या काळी विलक्षणच होते. जोसेफ जॉन्सनने तिला काम दिले. भाषांतरे, पुस्तकांची परीक्षणे, मुलांसाठी गोष्टी असे मिळेल ते लिहून ती स्वतः जगली आणि भावंडांनाही पैसे पाठवत राहिली.

पुस्तकाचे म्हणणे

१७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द लोकांच्या तोंडी आले. इंग्लंडातला एडमंड बर्क हा मोठा पुढारी घाबरला आणि नोव्हेंबर १७९० मध्ये त्याने क्रांतीविरुद्ध पुस्तक काढले. जुन्या चालीरीती, राजेशाही आणि वंशाचा मान हेच खरे, असा त्याचा सूर. महिन्याच्या आत मेरीने त्याला छापील उत्तर दिले. राणीची दुर्दशा पाहून रडणाऱ्या या गृहस्थाला गरिबांची उपासमार का दिसत नाही, असा तिचा रोख होता. पहिली आवृत्ती बिननावाची होती. दुसऱ्या आवृत्तीवर तिचे नाव आले आणि लोक चकित झाले. अरे, हे तर बाईने लिहिले आहे ! पेनचे ‘मानवाचे हक्क’ त्यानंतर, १७९१ साली आले.

पण क्रांतीवाल्यांनाही बाईचा विसर पडला होता. १७९१ साली फ्रान्समध्ये शिक्षणाची जी योजना मांडली गेली तीत मुलींनी आठ वर्षांपर्यंतच शाळेत जावे, मग घरी बसावे, असे होते. योजना मांडणारा तालेराँ. मेरीने आपला मोठा ग्रंथ त्यालाच अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेतच जाब विचारला. जानेवारी १७९२ मध्ये ग्रंथ बाहेर पडला. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, फ्रेंच भाषांतरही झाले.

ग्रंथाचा गाभा असा. माणूस जनावरापेक्षा वेगळा कशाने? बुद्धीने. बुद्धी बाईला आहे की नाही? असेल, तर ती वाढवण्याचा हक्कही तिला आहे. बायका कमकुवत, लाडीगोडी करणाऱ्या, लबाड असतात असे पुरुष म्हणतात. मेरी म्हणते, बऱ्याच बायका तशा झाल्या आहेत हे खरे, पण त्या जन्मतः तशा नाहीत, तुम्ही त्यांना तसे घडवले आहे. पक्षी पिंजऱ्यात ठेवायचा आणि वर म्हणायचे, याला उडता येत नाही ! तिने बायकांची तुलना सैनिकांशी केली आहे. सैनिकालाही डोके वापरायला शिकवत नाहीत, फक्त हुकूम पाळायला आणि कपडे झकपक ठेवायला शिकवतात. मग तोही तसाच उथळ होतो. म्हणजे दोष बाईपणाचा नसून वळणाचा आहे. रूसो हा जिनिव्हाचा नावाजलेला तत्त्वज्ञ. बाईचे शिक्षण पुरुषाला सुख देण्यापुरते असावे, असे त्याने लिहिले होते. त्याचाही मेरीने भीडभाड न ठेवता समाचार घेतला.

उपायही तिने सांगितले. सरकारने गावोगावी शाळा काढाव्यात. पाच ते नऊ वर्षांची सर्व मुले, मुलगा-मुलगी, गरीब-श्रीमंत, एका शाळेत बसावीत. फी नसावी. सर्वांचा पोशाख सारखा असावा. बायकांनी वैद्यकी शिकावी, धंदे करावेत, राजकारण समजून घ्यावे. राज्यकारभारात बायकांचेही प्रतिनिधी असावेत, अशीही सूचना तिने केली. लोक हसतील हे तिला ठाऊक होते. त्याच ठिकाणी ती कष्टकरी कारागिरांविषयी बोलते. पोराबाळांच्या तोंडात घास घालताना ज्यांची दमछाक होते ते कारागीर राजाचा थाट पोसतात, पण त्यांनाही मत नाही, मग आम्हा बायकांचेच नवल काय? म्हणजे बाईचा हक्क आणि कामगाराचा हक्क या बाईने एका दमात सांगितले.

आणखी एक मुद्दा. शील हे दोघांना सारखेच असले पाहिजे, असे ती म्हणते. बाईने पवित्र राहायचे आणि पुरुषाने वाटेल तसे वागायचे, हे शील नव्हे, हा ढोंगीपणा आहे. आपण पंचशील घेतो. त्यातले तिसरे आणि पाचवे शील फक्त बायकांसाठी आहे असे कुठे लिहिले आहे काय?

मेरीला देवी करून देव्हाऱ्यात बसवायचे नाही. ती ईश्वर मानणारी होती आणि माणसाला बुद्धी ईश्वराने दिली असे ती म्हणते. ते आपल्याला पटणारे नाही. ग्रंथात तिचे लक्ष जास्त करून मध्यम वर्गातल्या बायकांवर आहे. पण शेवटच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत तिने जेमायमा नावाची मोलकरीण उभी केली आहे आणि तिच्या तोंडून गरीब बाईच्या हालांची कहाणी सांगितली आहे. म्हणजे तिची नजर खालपर्यंत पोहोचत होती.

चिखल

डिसेंबर १७९२ मध्ये मेरी एकटी पॅरिसला गेली. क्रांतीचा उजेड तिने पाहिला आणि काळोखही पाहिला. स्त्री-हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलिंप द गूज या फ्रेंच बाईचे डोके नोव्हेंबर १७९३ मध्ये उडवले गेले. त्याच डिसेंबरात पेनला तुरुंगात टाकले. अशा दिवसांत मेरीचा गिल्बर्ट इमले या अमेरिकन माणसावर जीव जडला. लग्न न करता दोघे एकत्र राहिले. मे १७९४ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव फॅनी, मैत्रिणीच्या आठवणीत. पुढे इमलेने तिला सोडले. त्या दुःखात १७९५ साली तिने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वाचली. दोन प्रयत्नांच्या मधल्या काळात तान्ही पोर आणि एक मोलकरीण बरोबर घेऊन ती स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क हिंडून आली. त्या प्रवासाचे पुस्तक १७९६ साली निघाले आणि लोकांना फार आवडले.

नंतर विल्यम गॉडविन या विचारवंताशी तिचे जुळले. मार्च १७९७ मध्ये लग्न झाले. ३० ऑगस्टला मुलगी जन्मली. वार पूर्ण पडली नाही, डॉक्टरने हात घालून काढली, अंगात विष भिनले आणि १० सप्टेंबर १७९७ रोजी मेरी गेली. वय अवघे ३८. ती मुलगी पुढे मेरी शेली म्हणून प्रसिद्ध झाली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही जगप्रसिद्ध कादंबरी तिचीच.

गॉडविनने बायकोवरच्या प्रेमाने तिचे चरित्र लिहिले आणि १७९८ साली छापले. त्यात त्याने काहीही लपवले नाही. इमले, बिनलग्नाचे मूल, जीव देण्याचे प्रयत्न, सगळे सांगितले. झाले ! विरोधक टपूनच बसले होते. जिवंतपणी एका उमरावाने तिला परकर घातलेला तरस म्हटले होतेच. आता एका सरकारधार्जिण्या मासिकाने आपल्या विषयसूचीत ‘वेश्याव्यवसाय’ या शब्दापुढे छापले की मेरी वुलस्टनक्राफ्ट पाहा. विचार करा ! मुलींना शाळेत घाला म्हणणाऱ्या बाईचे नाव कुठल्या खणात टाकले ! तिच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिले काय? नाही. फक्त बोट दाखवले, आणि तेवढ्याने काम झाले. बायकांच्या बाजूने बोलणारेही तिचे नाव घ्यायला कचरू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुठे तिचा ग्रंथ पुन्हा मानाने वाचला जाऊ लागला. इंग्लंडात बायकांना मत १९१८ साली मिळाले, तेही तीस वर्षांवरच्यांना आणि अटी घालून. पुरुषांच्या बरोबरीने मिळाले १९२८ साली. भारताच्या राज्यघटनेने २६ जानेवारी १९५० पासून स्त्री-पुरुषांना एकदमच मत दिले, हे बाबासाहेबांचे आपल्यावरचे केवढे उपकार, ते यावरून कळावे. आणि २०२० साली न्यूइंग्टन ग्रीनला मेरीच्या स्मरणार्थ शिल्प उभे राहिले, तेव्हा त्यावर नग्न बाईची आकृती आहे यावरूनच वाद रंगला. पुस्तकापेक्षा शरीराचीच चर्चा जास्त झाली.

तीच युक्ती आपल्याकडे

सावित्रीमाई १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा वाटेत त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला. शिकवण्यात चूक काय, हे कोणी सांगितले नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली आणि बाईवर लादलेले दुर्गुण पुरुषांत किती आहेत ते मोजून दाखवले. त्यांच्यावरही टीकेची झोड उठली, आणि जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पेनचे पुस्तक वाचलेल्या जोतीरावांनी हक्क सांगताना स्त्री वगळली नाही. स्त्री आणि पुरुष, दोघांची नावे घेऊनच ते लिहीत.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले तेव्हा काय झाले? मुलीला वारसा, बाईला घटस्फोट, या कलमांना मुद्देसूद उत्तर देण्याऐवजी सनातन्यांनी बाबासाहेबांची जात काढली. बाईचे चारित्र्य आणि आपली जात, दोन्हींचा उपयोग एकच. माणसाचे म्हणणे ऐकायचे नसेल, तर त्या माणसालाच बाटलेला ठरवायचा. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, पण मुद्दा सोडला नाही.

आणि त्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, सोमा थेरीला माराने हिणवले होते की भात शिजला की नाही हे बोटांनी चाचपण्यापुरतीच बाईची अक्कल, तिला ज्ञान कुठून मिळणार? थेरीने सांगितले की मन एकाग्र झाले, धम्म नीट दिसला, की तिथे बाईपणाचा प्रश्नच उरत नाही. मेरीने १७९२ साली जे बुद्धीच्या बळावर मांडले, ते तथागतांच्या संघातल्या बाईने स्वतःच्या अनुभवातून सांगून ठेवले होते.

आपल्या विहारात

आता घरचे बोलतो. एखादी भगिनी सभेत उभी राहते आणि वर्गणीचा हिशोब विचारते. हिशोबाचे उत्तर हिशोबाने द्यायचे की नाही? पण मागच्या रांगेतून कुजबुज सुरू होते, हिचा नवरा हिला का सोडून गेला माहीत आहे ना? एखादी पोरगी रात्रपाळीची नोकरी करून घर चालवते आणि धाकट्या भावाचे व्यसन उघडपणे बोलून दाखवते. लगेच भावाचे व्यसन बाजूला राहते आणि पोरगी किती वाजता येते, कोणाच्या गाडीवरून येते, याचीच चर्चा. ही बोलणारी माणसे परकी नाहीत. बुद्धवंदना म्हणणारी, चौथे शील घेणारी आपलीच माणसे आहेत. चौथे शील खोटे बोलू नये असे सांगते, आणि सम्यक वाचेत चहाडी आणि निंदाही वर्ज्य आहे. मग हे शील विहाराच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवायचे असते काय?

तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून मानू नका, कोणी मोठा म्हणाला म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. त्याची दुसरी बाजूही आपण लक्षात ठेवली पाहिजे. सांगणारी बाई आहे, टाकलेली आहे, गरीब आहे, एवढ्यावरून तिचे म्हणणे फेकूनही देऊ नका. तेही तपासा. खरे असेल तर घ्या, खोटे असेल तर कारण सांगून नाकारा.

स्त्रियांची किती प्रगती झाली यावर मी समाजाची प्रगती मोजतो, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. ते वाक्य आपण बॅनरवर लिहितो, पण मोजमाप आपल्या वस्तीत व्हायला पाहिजे. माझी विनंती एवढीच आहे. कार्यकारिणीत भगिनींना फक्त खीर वाटायला आणि फुले मांडायला ठेवू नका, हिशोबाची वही त्यांच्या हातात द्या. आणि एखाद्या बाईविषयी मागच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली, तर शेजारी बसलेल्याने तिथेच विचारावे की तिच्या मुद्द्याचे काय? तिच्या मुद्द्याचे उत्तर द्या.

विणकराच्या त्या नातीला हे विचारणारा तिच्या देशात शंभर वर्षे फारसा कोणी भेटला नाही. आपल्या लेकींना तो आपल्या विहारात भेटला पाहिजे.

नमो बुद्धाय ! जयभीम !